तासांचा हिशेब : किमान वेतन वाढल्यानंतर ऐरोलीतील एका सोसायटीत काय घडले

२४ जुलै २०१९ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील दुकाने व व्यापारी आस्थापनांमधील कामगारांचे किमान वेतन वाढले. परिमंडळ १ मध्ये, म्हणजे नवी मुंबईसारख्या महानगरपालिकांच्या हद्दीत, अकुशल कामगाराचे मूळ किमान वेतन महिना १०,०२१ रुपये ठरले. अर्धकुशल कामगाराचे १०,८५६ आणि कुशल कामगाराचे ११,६३२. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाप्रमाणे असे दर जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने सुधारायचे असत. या उद्योगात त्याला बराच उशीर झाला होता, त्यामुळे वाढ आली ती एकदमच आली. या मूळ वेतनावर महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ताही असतो; पुढचा हिशेब सोपा राहावा म्हणून तो मी बाजूला ठेवला आहे.

ज्या सोसायटीचे हे प्रकरण आहे ती नवी मुंबईतल्या ऐरोलीत आहे. सहा इमारती आणि तीनशे सदनिका. जिने, लॉबी, पोडियम आणि आवार झाडण्या-पुसण्याचे आणि घरोघरचा ओला-सुका कचरा गोळा करण्याचे काम एका हाऊसकीपिंग कंत्राटदाराकडे होते. त्याच्याकडून बारा माणसे येत, त्यांत नऊ बायका आणि तीन पुरुष. बहुतेक जण दिघा, इलठणपाडा, चिंचपाडा आणि रबाळे इथून येणारे. मी त्या वेळी सोसायटीची खजिनदार होते आणि त्याआधीची बरीच वर्षे एका कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात काढलेली असल्यामुळे कंत्राटाचे आकडे तपासण्याचे काम माझ्याकडे आले. सोसायटी, कंत्राटदार आणि कामगार यांची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. हिशेबाची रीत मात्र जशी होती तशीच ठेवली आहे.

जुलैपर्यंत दर माणसामागे महिना ८,५०० रुपये वेतन धरून बिल येत असे. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मध्ये तासाभराची जेवणाची सुट्टी, आठवड्याला एक रजा. ही रक्कम तेव्हाच्या किमान वेतनाला धरून होती का, हा प्रश्न आमच्यापैकी कोणीही कधी विचारला नव्हता. ऑगस्टमध्ये कंत्राटदाराचे पत्र आले आणि त्यात दोन पर्याय होते. पहिला पर्याय असा की आठ तास काम चालू ठेवावे आणि नव्या दराने वेतन द्यावे. दुसऱ्यात सर्वांना 'पार्ट टाइम' करून सकाळी सात ते बारा असे पाच तास काम घ्यायचे आणि त्याचे महिना ६,२६३ रुपये द्यायचे होते, म्हणजे १०,०२१ चे आठ भाग करून त्यातले पाच. त्याच बैठकीत लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा करार आणि गळतीचा विषयही होता. हाऊसकीपिंगवर वीस मिनिटे बोलणे झाले आणि दुसरा पर्याय मंजूर झाला. कोणालाही कामावरून काढायचे नव्हते, सकाळी आवार स्वच्छ होणारच होते आणि बिल उलट कमी होणार होते. मीही हात वर केला होता.

बैठकीनंतर मी अधिसूचना मुळातून वाचली, आणि त्यातल्या स्पष्टीकरणात अंशकालीन, म्हणजे पार्ट टाइम, कामगारांविषयीची तरतूद सापडली. दैनिक दराला सामान्य दिवसाच्या तासांनी भागायचे आणि येणाऱ्या तासाच्या दरावर १५ टक्के वाढ द्यायची, असे तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. १०,०२१ ला महिन्यातल्या कामाच्या २६ दिवसांनी भागले की दिवसाचे ३८५ रुपये ४२ पैसे होतात. त्याला आठाने भागले की तासाचे ४८ रुपये १८ पैसे. त्यावर १५ टक्के धरले की ५५ रुपये ४१ पैसे. पाच तास आणि सव्वीस दिवसांचे होतात ७,२०३ रुपये. कंत्राटदाराच्या ६,२६३ मध्ये दर माणसामागे ९४० रुपये कमी होते. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. तुकड्यातुकड्याने काम करणाऱ्या माणसाला येण्याजाण्याचा खर्च आणि वेळ पूर्ण दिवसाइतकाच लागतो. त्याच्या उरलेल्या दिवसाचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांना सहसा गिऱ्हाईक नसते. सप्टेंबरचा फरक कंत्राटदाराने तक्रार न करता दिला आणि ऑक्टोबरपासून योग्य दर लागू झाला.

कंत्राटदाराने सर्वांकडून 'पार्ट टाइम'चे नवे फॉर्म का भरून घेतले, हेही कायदा वाचल्यावरच कळले. अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे ज्या कामगाराचे किमान वेतन दिवसावर ठरलेले आहे त्याला मालकाने पूर्ण दिवसाचे काम दिले नाही, तरी पूर्ण दिवसाचेच वेतन द्यावे लागते. कामगाराने स्वतःहून काम नाकारले असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे पूर्णवेळ कामगाराला बारा वाजता 'आता घरी जा' असे सांगून तीन तासांचे पैसे वाचवता येत नाहीत. ते वाचवायचे असतील तर त्याचे पूर्णवेळ असणेच आधी काढून घ्यावे लागते. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ९-अ खाली कामाच्या तासांत बदल करण्याआधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागत असे. आमच्याकडे नोटीस कोणाला मिळाली नव्हती, फॉर्मच्या खाली अंगठे आणि सह्या मात्र होत्या. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या अधिनियमाची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली आहे. कलम १५ चा आशय संहितेच्या कलम १० मध्ये आहे.)

या बदलात कोणाला काय मिळाले, ते आकड्यांत पाहिले पाहिजे. आधी ८,५०० रुपयांना महिन्याचे २०८ तास भरत होते, म्हणजे तासाला ४० रुपये ८७ पैसे. आता तासाला ५५ रुपये ४१ पैसे. तासाचा दर ३५ टक्क्यांहून अधिक वाढला होता. महिन्याचे वेतन मात्र ८,५०० वरून ७,२०३ वर आले, म्हणजे १५ टक्क्यांनी घटले. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के आणि कामगार राज्य विमा योजनेचा (ईएसआयसी) कामगाराचा हिस्सा कापल्यावर आधी हातात ७,३३१ रुपये पडत, आता ६,२८५. किमान वेतनाची वाढ झाली आणि महिन्याला हजार रुपये कमी झाले, असे एका कामगार बाईने मला सांगितले तेव्हा मला तिच्या वाक्यात चूक काढता आली नाही.

पूर्ण आठ तास ठेवले असते तर हातात किती पडले असते? १०,०२१ मधून पीएफ आणि विमा वजा जाता ८,७४३. त्यातून व्यवसाय कराचे २०० रुपये गेले असते, कारण तेव्हा बायकांना दहा हजारांपर्यंत व्यवसाय कर माफ होता आणि नवे वेतन त्या मर्यादेच्या २१ रुपये वर गेले होते. (२०२३ मध्ये ही मर्यादा २५,००० झाली.) म्हणजे ८,५४३. आधीपेक्षा बाराशेने जास्त.

सोसायटीच्या बाजूचा हिशेब मी सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवला. आठ तासांच्या पर्यायात वेतनाची वाढ दर माणसामागे १,५२१ रुपये होती. त्यावर पीएफचा मालकाचा हिस्सा आणि खर्च मिळून १३ टक्के. विम्याचा मालकाचा हिस्सा त्याच जुलैपासून ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे तो खर्च वेतन वाढूनही कमीच होत होता. सगळे मिळून दर माणसामागे १,६४० आणि बारा जणांचे महिना साडेएकोणीस हजारांच्या थोडे वर. तीनशे घरांवर वाटले की दर घरामागे ६६ रुपये, जीएसटी आणि कंत्राटदाराचा आकार धरून ऐंशीच्या घरात. सभेत हा आकडा वाचून दाखवल्यावर काही क्षण शांतता होती. मग एका सभासदाने विचारले, आणि त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, की पाच तासांत काम होत असेल तर आठ तासांचे पैसे आपण का द्यावेत?

पाच तासांत काम होत होते का, हे पाहायला मी ऑक्टोबरमध्ये आठवडाभर सकाळी खाली उतरत होते. एका इमारतीचे जिने, लॉबी आणि प्रत्येक मजल्यावरचा पॅसेज झाडून पुसायचे, कचऱ्याच्या बादल्या खाली आणायच्या, लिफ्टचा आरसा आणि कठडे पुसायचे, असे एका बाईच्या वाट्याचे काम. ते कमी झाले नव्हते. आधी त्या वरच्या मजल्यापासून झाडत खाली येत, जेवत आणि दुपारी पुसायला पुन्हा वर जात. आता झाडणे आणि पुसणे एकाच फेरीत होते. एका सकाळी मी दहाव्या मजल्यावरून त्यांच्याबरोबर जिना उतरले. डाव्या हातात बादली, उजव्या हातात मॉप, खांद्यावर कोरडे फडके. पाणी बदलायला दर तीन मजल्यांनी डक्टमधल्या नळापाशी थांबायचे. आणि पायरी पुसून झाली की त्याच ओल्या पायरीवर पाय न पडेल असे तिरके उभे राहून पुढची पायरी. सातव्या मजल्यावर एका घरातून कुत्र्याला फिरवायला कोणी बाहेर पडले आणि पुसलेल्या तीन पायऱ्या पुन्हा पुसाव्या लागल्या. खाली पोचायला सव्वाबारा झाले. सुपरवायझरच्या टेबलावरच्या मस्टरमध्ये 'जाण्याची वेळ' या रकान्यात त्या दिवशी आणि महिन्याच्या पहिल्या तारखेपासून प्रत्येक दिवशी, बाराही नावांपुढे, एकाच निळ्या शाईने १२.०० लिहिलेले होते. बाया प्रत्यक्षात साडेबारा-पाऊणपर्यंत थांबत. या जादा वेळेचेही पैसे द्यायला हवे होते; पण कागदावर जादा वेळच नव्हती.

या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे किमान वेतनाच्या चर्चेत नेहमी विचारला जाणारा प्रश्न, 'नोकऱ्या गेल्या का?', इथे कामाचा नाही. मस्टरवर जुलैत बारा नावे होती आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही बाराच. जे आटले ते तास. दिवसाला ९६ तासांचे काम ६० तासांत कोंबले गेले. ज्यांनी या विषयाचा मोठ्या प्रमाणावर अभ्यास केला आहे त्यांनाही हा फरक जाणवलेला आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १३ डॉलरपर्यंत नेल्यावर वॉशिंग्टन विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी प्रत्येक कामगाराच्या तासांच्या सरकारी नोंदी तपासल्या. २०१७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षात त्यांना कमी वेतनाच्या कामांतले तास सुमारे ९ टक्क्यांनी घटलेले दिसले, तर ताशी वेतन सुमारे ३ टक्क्यांनीच वाढलेले दिसले. या निष्कर्षावर वाद झाला. पुढच्या वर्षी त्याच गटाने एकेका कामगाराचा माग काढला, तेव्हा असे दिसले की आधीपासून कामात मुरलेल्या कामगारांचा फायदा झाला होता, आणि त्या फायद्याचा एक भाग त्यांनी शहराबाहेर जाऊन जादा तास काम करून मिळवला होता. त्याआधी, १९९२ मध्ये न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झाले तेव्हा डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील फास्ट फूडच्या दुकानांची तुलना केली होती आणि त्यांना रोजगार घटलेला आढळला नव्हता. कार्ड यांना २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्यात या कामाचा वाटा होता. हे दोन निष्कर्ष मला परस्परांना खोडणारे वाटत नाहीत. कुठल्या मालकाला तास कापणे सोपे आहे आणि कुठल्या कामगाराला कापलेले तास दुसरीकडे विकता येतात, यावर उत्तर बदलते. आमच्या आवारात ते डोळ्यांसमोर बदलत गेले.

सात ते बारा ही वेळ कमिटीने निवडली होती, कारण लोक कामावर जाताना लॉबी स्वच्छ दिसली पाहिजे. कोणीही वाईट हेतूने ती निवडली नव्हती. पण ऐरोलीत घरकामाला मागणी असते ती नेमकी याच वेळी. केर-लादी आणि भांडी यांचे एक घर तेव्हा महिना चौदाशेला मिळत होते आणि ज्या घरांतली दोन्ही माणसे नोकरीला जातात त्यांना बाई साडेसात ते अकराच्या आत हवी असते. दुपारी बारानंतर फार तर जेवणाची भांडी मिळतात, त्याचे सहाशे. म्हणजे आम्ही त्यांचे तीन तास मोकळे केले हे म्हणणे खरे नव्हते. आम्ही त्यांच्या दिवसातले विकले जाणारे तास ठेवून घेतले आणि न विकले जाणारे परत दिले. हे मला कोणत्याही अहवालातून कळले नव्हते. चिंचपाड्यातून चालत येणाऱ्या एका ताईंनी जिन्यात बसून सांगितले. त्या म्हणाल्या, "मॅडम, सकाळ तुमच्याकडं गेली. दुपारी कोण बाई ठेवतं? दुपारी सगळे झोपतात नाहीतर हापिसात असतात."

त्या ताईंचे वय चाळिशीच्या आसपास. घरात नवरा हमाली करणारा आणि दोन मुली शाळेत. सप्टेंबर ते नोव्हेंबर त्यांना एका घरची दुपारची भांडी मिळाली, म्हणजे हातात ६,२८५ आणि ६०० मिळून ६,८८५. आधीच्या ७,३३१ पेक्षाही कमी.

दिघ्याहून येणाऱ्या एका मावशींचे मात्र वेगळे होते. त्यांचे गुडघे दुखत. मुलगा नुकताच एका कुरिअर कंपनीत लागला होता, आणि दुपारी लवकर सुटून घरी जाता येते याचे त्यांना मनापासून समाधान होते. मी त्यांना विचारले की आठ तास परत दिले तर घ्याल का, तेव्हा त्यांनी हात जोडले. "नको गं बाई. पैसा पोरगा आणतो. मला जरा पडायला मिळतं." तासाचा दर वाढल्यावर कमी तासांतच गरज भागवून बाकीचा वेळ स्वतःला ठेवणे ही खरी निवड आहे, आणि ती करणाऱ्या माणसाचे कमी झालेले तास नुकसानीच्या खात्यात टाकता येत नाहीत. मात्र ही निवड त्यांना जमली ती घरात दुसरे वेतन येऊ लागले होते म्हणून.

रबाळ्याची सव्वीस वर्षांची एक मुलगी ऑक्टोबरअखेर सोडून गेली. महापे औद्योगिक वसाहतीतल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात तिला आठ तासांचे काम मिळाले. तिथे जादा तास होतात, पण दुप्पट दराने मिळतात असे नाही, असे ती नंतर भेटली तेव्हा म्हणाली. तरीही ती खूश होती. तिच्या जागी कोणाला घेतले नाही. तिची इमारत बाकीच्यांत वाटली गेली.

तिघा पुरुषांविषयी फार सांगण्यासारखे नाही. दुपारच्या वेळी त्यांना सामान चढवण्या-उतरवण्याची आणि गाड्या धुण्याची कामे मिळत गेली आणि त्यांचे महिन्याचे उत्पन्न साधारण आधीइतके राहिले. पुरुषाची दुपार बाजारात विकली जाते आणि बाईची जात नाही, एवढे मात्र त्यांच्यामुळे लख्ख दिसले. बायकांच्या दुपारी शाळेतून आलेली मुले, पाण्याची वेळ आणि संध्याकाळचा स्वयंपाक यांनी आधीच व्यापलेल्या होत्या.

नोव्हेंबरच्या बैठकीत मी पुन्हा आठ तासांचा प्रस्ताव मांडला. दोन पर्यायांतले अंतर दर घरामागे १३१ रुपयांचे होते आणि कमी झालेल्या बिलाची सवय तोवर झाली होती. प्रस्ताव पडला. 'परवडत नाही' हा शब्द त्या बैठकीत अनेकदा आला. किमान वेतनाच्या बाबतीत मालकाची ऐपत हा मुद्दाच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या बिजय कॉटन मिल्स प्रकरणातल्या निकालापासून सांगितलेले आहे आणि १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात तर किमान वेतनापेक्षा कमी देणे म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २३ खालची वेठबिगारी ठरवली आहे. पण न्यायालयांचे हे बोल दराविषयी आहेत. दर आम्ही पूर्ण देत होतो. तास किती द्यायचे, हे कुठलाही निकाल आमच्या कमिटीला सांगत नव्हता, आणि म्हणूनच वाढीचा सगळा भार तासांच्या बाजूने बाहेर पडला.

मग मी दुसरी सूचना मांडली, जिला एक पैसाही लागणार नव्हता. पाच तासच राहू देत, पण पाळ्या दोन करू: सात ते बारा आणि साडेबारा ते साडेपाच. कोणी कोणती पाळी घ्यायची हे कामगारांनी आपसात ठरवायचे. सकाळी किमान पाच माणसे असावीत एवढीच अट. ही सूचना मान्य झाली आणि डिसेंबरपासून सुरू झाली. बायांनी वाटणी करायला अर्धा तासही घेतला नाही. दिघ्याच्या मावशी सकाळीच राहिल्या. ज्यांची मुले सकाळच्या शाळेत जात त्यांतल्या दोघींनी दुपार घेतली, कारण मुलांना शाळेत सोडता येत होते. चिंचपाड्याच्या ताईंनी दुपार घेतली आणि आठवडाभरात आमच्याच सोसायटीत आणि शेजारच्या इमारतीत मिळून सकाळची तीन घरे धरली. तीन घरांचे ४,२०० आणि आमच्याकडचे ६,२८५ मिळून १०,४८५ रुपये. पूर्ण आठ तासांच्या नोकरीतही त्यांच्या हातात ८,५४३ च पडले असते. तासांची संख्या तीच, दर तोच, फक्त घड्याळातली जागा बदलली आणि महिन्याला छत्तीसशे रुपयांचा फरक पडला. त्यांचा दिवस आता सकाळी साडेसहाला सुरू होऊन संध्याकाळी साडेपाचला संपत होता आणि घरकामाला साप्ताहिक सुट्टी नव्हती, हेही लिहून ठेवले पाहिजे. पण विचारल्यावर त्यांनी सांगितले की असेच राहू दे.

एका गोष्टीवर मी कंत्राटदाराशी पहिल्या महिन्यापासून भांडले होते. पार्ट टाइम माणसाला पीएफ आणि विमा लागू नाही, असे त्याचे म्हणणे होते. ते चुकीचे होते. हे दोन्ही कायदे तासांवरून माणूस वगळत नाहीत. विम्याच्या आजारपणाच्या लाभासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी लागते, आणि ती दिवसांवर मोजली जाते, तासांवर नाही. म्हणून तास कापले तरी दिवस कापू नयेत, यावर मी अडून राहिले. आठवड्यातून तीन दिवस पूर्ण आठ तास बोलावण्याचा एक प्रस्ताव मध्यंतरी आला होता. तो याच कारणाने मी फेटाळायला लावला. त्या वेळी काहींना हा माझा हेका वाटला.

मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात लोकल बंद झाल्या आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी आली. आमच्या गेटवर बाहेरच्या घरकामाच्या बायांना येण्यास मनाई झाली. हाऊसकीपिंगची माणसे मात्र आवश्यक म्हणून येऊ दिली गेली. जवळ राहणारे चालत येत, दिघ्याच्या मावशी दोन महिने येऊ शकल्या नाहीत. चिंचपाड्याच्या ताईंची तिन्ही घरे एका दिवसात बंद झाली. त्यांपैकी दोन घरांनी एप्रिलचे पैसे दिले, मे महिन्यात एकाने, जूनमध्ये कोणीच नाही. नवऱ्याची हमाली थांबलेली. त्या दुपारच्या पाळीला येत राहिल्या आणि मुख्यतः आमच्याकडच्या पगारावर चौघांचे घर चालवत होत्या. मार्चअखेरीस पीएफमधून कोविडसाठी आगाऊ रक्कम काढण्याची सवलत जाहीर झाली: तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा खात्यातील ७५ टक्के, यांतली कमी असेल ती. त्यांचा फॉर्म मी माझ्या फोनवरून भरला. आधारवरचे नाव आणि खात्यातले नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला आणि तो सुधारण्यात तीन आठवडे गेले. शेवटी पैसे आले तेव्हा त्यांनी गेटवरूनच मला हाक मारून सांगितले.

पुढच्या कंत्राटाच्या वेळी, २०२१ मध्ये, कार्यकारिणी बदललेली होती. स्वच्छतेचे मोल काय असते हे वर्षभर सर्वांनी पाहिले होते. आठ तासांचा पर्याय आता कोणाला अवघड वाटला नाही. करारात मी एक कलम घालायला लावले: प्रत्येक कामगाराचे रोजचे तास आणि पाळी कराराच्या परिशिष्टात लिहिली जाईल, ती भरताना कामगार समोर असेल आणि तिच्यात बदल करायचा झाल्यास महिनाभर आधी लेखी कळवले जाईल. आठ तास, सकाळचे पाच आणि दुपारचे पाच असे तीन रकाने होते. क्लबहाऊसमध्ये एका शनिवारी अकरा जण येऊन बसले आणि एकेकाने आपला रकाना सांगितला. पाच जणांनी आठ तास घेतले, चौघांनी दुपार आणि दोघांनी सकाळ; त्या दोघींत दिघ्याच्या मावशी होत्या.

चिंचपाड्याच्या ताई दुपारच्या रकान्यात राहतील असे मी गृहीत धरून पेन्सिलीने तशी खूणही केली होती. घरे हळूहळू परत मिळू लागली होती आणि तीन घरांची मिळकत आठ तासांपेक्षा जास्तच होती. त्यांनी मला ती खूण पुसायला लावली आणि आठ तास लिहा म्हणाल्या. मी दोन्ही आकडे त्यांना पुन्हा वाचून दाखवले. ते त्यांना पाठ होते. मी पेन उघडले तेव्हा त्यांनी परिशिष्टाच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, "मॅडम, पीएफ पूर्ण पगारावर कापणार ना?"